तीन गुणांचा आनंद

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पायाने मारायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो मात्र निराळाच खेळ आहे. त्यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि सामन्यातला बहुतेक वेळ तो कुणाच्या तरी हातात किंवा काखेत असतो. खेळाडू डोक्यावर हेल्मेट घालून आणि खांद्यांवर जाड गाद्या बांधून मैदानात उतरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला प्रश्नच पडला, ही पोरं खेळायला निघालीत की लढाईला?

मी सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. बी.एड.ला असताना ‘शालेय जीवनात खेळाचे महत्त्व’ या प्रश्नाचं उत्तर पाठ केलं होतं, तेवढाच माझा खेळाशी संबंध. पण गेली काही वर्षं नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार जवळ आला की माझा जीव वरखाली होतो. त्या दिवशी मिशिगन विद्यापीठ आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांच्यात फुटबॉलचा सामना असतो. मी मिशिगनच्या बाजूची. शाळेतल्या स्टाफरूममध्ये हे कळलं तेव्हा सगळे हसले. ‘‘मॅडम, तुमचा आणि मिशिगनचा काय संबंध?’’ असं एका सहकाऱ्यानं विचारलं. त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, म्हणून हा लेख.

संबंध आहे तो माझ्या आपाचा. माझी ही थोरली बहीण वीस-बावीस वर्षांपासून टोलेडो या गावी राहते. टोलेडो ओहायो राज्यात, पण अगदी मिशिगनच्या वेशीवर. मिशिगन विद्यापीठाचं गाव ॲन आर्बर तिथून साधारण ऐंशी किलोमीटर आणि ओहायो स्टेटचं कोलंबस सव्वादोनशे किलोमीटर. दुल्हाभाई कोलंबसला शिकले. माझा भाचा 2022 साली ॲन आर्बरला शिकायला गेला. एकाच घरात बाप एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला. आपाच्या कपाटात एका खणात लाल-करडे कपडे, दुसऱ्या खणात निळे-पिवळे. ती म्हणते, ‘‘मेरे घर में दो मुल्क हैं, और धोबन एक.’’

भाच्यानं मला खेळाचे नियम फोनवर समजावले. मी ते कबड्डीच्या हिशेबानं समजून घेतले. मैदान शंभर यार्डांचं. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्न मिळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात शिरलात की सहा गुण, त्यानंतर तो लाथेनं दोन खांबांमधून काढला तर आणखी एक. तिथवर पोचता येत नसेल तर लांबूनच खांबांमधून लाथ मारायची, त्याचे तीन गुण. थोडक्यात काय, समोरच्याच्या अंगणात वीत वीत पुढे सरकायचं. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचे नियम सामना बघता बघता कळत जातात.

भूगोलाची शिक्षिका म्हणून मला या वैराची सुरुवात फार आवडते, कारण ती नकाशातल्या चुकीपासून होते. मिशिगन सरोवराचं दक्षिण टोक नेमकं कुठं येतं हे जुन्या नकाशांत चुकीचं दाखवलं होतं. त्यामुळे ओहायो आणि मिशिगन यांच्या सीमेवरची एक चिंचोळी पट्टी दोघांनाही आपली वाटत होती. त्या पट्टीत टोलेडो होतं, नदीच्या मुखाशी असलेलं, बंदर म्हणून मोक्याचं. 1835 साली दोन्ही बाजूंनी आपापली शिबंदी सीमेवर आणून उभी केली. या प्रकाराला ‘टोलेडोची लढाई’ म्हणतात, पण तिच्यात माणूस एकही मेला नाही. मिशिगनच्या एका पोलीस अधिकाऱ्याला चाकू लागला, तेवढंच रक्त सांडलं, तोही वाचला. चाकू मारणाऱ्याचं नाव ‘टू’ स्टिकनी. त्याच्या बापानं एका मुलाचं नाव ‘वन’ आणि दुसऱ्याचं ‘टू’ ठेवलं होतं. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसून लोळतात आणि सीमावाद म्हणजे काय ते मात्र विसरत नाहीत. सोलापूरच्या मुलांना सीमावाद वेगळा शिकवायला नको, पण दुसऱ्याच्या गोष्टीतून आपली गोष्ट नीट दिसते.

शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं. मिशिगनला त्या बदल्यात उत्तरेकडचा जंगलाचा मोठा भाग दिला गेला आणि 1837 च्या जानेवारीत त्याला राज्याचा दर्जा मिळाला. मिशिगनच्या लोकांना वाटलं आपण फसलो. पुढे त्याच जंगलाखाली तांबं आणि लोखंड सापडलं. साठ वर्षांनी, 1897 साली, दोन्ही राज्यांच्या विद्यापीठांनी पहिला फुटबॉल सामना खेळला. तो मिशिगननं 34–0 असा जिंकला. 1918 पासून हा सामना जवळजवळ दरवर्षी होतो. 2020 साली करोनामुळे तो झाला नाही, तेव्हा टोलेडोत लोकांना ईद चुकल्यासारखं झालं होतं, असं आपा सांगते.

आपल्याकडे विद्यापीठाचा संघ म्हणजे चार-दोन मुलं, एक कंटाळलेले क्रीडाशिक्षक आणि प्रवासभत्त्याचा अर्ज. तिथे तसं नाही. ॲन आर्बरच्या स्टेडियममध्ये 1 लाख 7 हजारांवर माणसं बसतात. कोलंबसचं स्टेडियम 1922 सालचं, घोड्याच्या नालाच्या आकाराचं, त्यातही लाखाच्या वर माणूस मावतो. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरचं प्रत्येक ‘एम’ हे अक्षर लाल पट्टीनं खोडतात, कारण त्या अक्षरानं मिशिगन सुरू होतं. वुडी हेज हे ओहायोचे जुने प्रशिक्षक. ते मिशिगनचं नावही तोंडातून काढत नसत असं सांगतात. ‘वर उत्तरेकडचा तो संघ’ एवढंच म्हणायचं. आजही ओहायोची माणसं तसंच म्हणतात. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. दुल्हाभाईंच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मला तेच आठवलं. नाव न घेण्यातही केवढी जवळीक असते!

2012 ते 2019 या काळात ओहायोनं मिशिगनला ओळीनं आठ वेळा हरवलं. भाच्याचं सगळं बालपण यात गेलं. ओहायोत राहून मिशिगनची बाजू घेणारा तो पोरगा दरवर्षी वर्गात मान खाली घालून बसायचा. 2021 साली मिशिगननं 42–27 असा सामना जिंकला, तेव्हा त्यानं पहिल्यांदा मला मध्यरात्री फोन केला. ‘‘खाला, जीत गए!’’ त्याच्या आवाजात रडू होतं. माझं मिशिगनचं वेड त्या फोनपासून सुरू झालं. एखाद्या मुलाला आठ वर्षांनी मान वर करताना ऐकलं की शिक्षकाचं मन कुठं जाणार?

पण मला सांगायचं आहे ते 2024 च्या सामन्याबद्दल. 30 नोव्हेंबरचा शनिवार, सामना कोलंबसला. तिथं दुपारी बाराची वेळ म्हणजे इथं रात्रीचे साडेदहा. ओहायोनं त्या वर्षी अकरा सामन्यांपैकी दहा जिंकले होते आणि देशात त्यांचा दुसरा क्रमांक होता. मिशिगननं सहा जिंकले होते, पाच हरले होते. दोन मोठे खेळाडू दुखापतीमुळे बाहेर. ओहायो वीसेक गुणांनी जिंकेल असं जाणकार सांगत होते. भाचा सुट्टीला घरी आला होता. त्यानं टीव्हीसमोर फोन उभा करून ठेवला आणि मी इथं चादरीत शिरून, आवाज बारीक करून बघत बसले. फोनच्या कोपऱ्यात दुल्हाभाईंचा लाल स्वेटर दिसत होता.

मध्यंतराला 10–10 अशी बरोबरी झाली. त्यानंतर जवळजवळ अख्खा वेळ कुणालाच गुण मिळेना. ओहायोच्या लाथ मारणाऱ्या पोरानं त्या दिवशी दोन संधी चुकवल्या, दोन्ही चाळीस यार्डांच्या आतल्या. तो विद्यार्थीच, आपल्याकडच्या टी.वाय.च्या मुलाएवढा. आणि त्याच्यावर लाखभर माणसांच्या नजरा. मी मिशिगनची असूनही मला पोटात कालवलं. परीक्षेत येत असलेलं उत्तर विसरून बसलेलं पोर दिसलं की जसं होतं तसं. शेवटी मिशिगन वीत वीत पुढे गेलं. सामना संपायला 45 सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडा या खेळाडूनं 21 यार्डांवरून लाथ मारली आणि चेंडू खांबांमधून गेला. 13–10. ओहायोला उत्तर देता आलं नाही.

मी चादरीत तोंड खुपसून ओरडले. रात्रीचे दोन वाजायला आले होते. तिकडे भाचा सोफ्यावर उभा राहून नाचत होता. तीन गुणांचा आनंद! आपण कमजोर आहोत हे सगळ्या जगानं सांगितलेलं असताना, समोरच्याच्या घरात जाऊन, शेवटच्या मिनिटाला मिळालेले तीन गुण. मोठ्या फरकानं जिंकलं की अभिमान वाटतो, पण असं जिंकलं की लहान मूल व्हायला होतं. हा आनंद खरा होता आणि त्याबद्दल मला आजही संकोच वाटत नाही.

मग ते निशाण आलं.

मिशिगनची काही मुलं आपलं निळं निशाण घेऊन मैदानाच्या मधोमध गेली. तिथं ओहायोचं मोठं ‘ओ’ हे अक्षर रंगवलेलं असतं. त्या अक्षरावर ते रोवायला निघाली. 2022 सालीही मिशिगननं जिंकल्यावर तिथं असंच केलं होतं. या वेळी ओहायोची मुलं धावून आली. ढकलाढकली, गुद्दागुद्दी सुरू झाली. पोलिसांनी डोळ्यांत झोंबणारा फवारा मारला. खेळाडू डोळे चोळत फिरू लागले. एका पोलिसाला दुखापत झाली. नंतर दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड झाला. त्याच शनिवारी अमेरिकेत आणखी काही मैदानांवरही निशाण रोवण्यावरून असेच प्रकार घडले. ओहायोच्या एका लोकप्रतिनिधीनं तर कोलंबसच्या मैदानावर निशाण रोवणं हा गुन्हा ठरवावा असं विधेयकच मांडलं.

भाचा अजून हसत होता. फोनमधून मला दुल्हाभाईंचा आवाज आला, ‘‘बस करो अब.’’ लाल स्वेटर उठून गेला. भाच्यानं त्या निशाणाचा फोटो आमच्या खानदानाच्या ग्रुपवर टाकला, खाली हसरे चेहरे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर दुल्हाभाई ग्रुप सोडून गेले होते. बुधवारी आपाचा फोन आला. भाचा ॲन आर्बरला परत गेला होता आणि बाप-लेक चार दिवसांत एकमेकांशी बोलले नव्हते. ‘‘एक गेंद के पीछे,’’ आपा म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता.

मी धाकटी. आमच्याकडे दुल्हाभाईंना जाब विचारायची रीत नाही. मी फक्त ‘खैरियत’ विचारायला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते आपणच बोलायला लागले. 1998 साली ते कोलंबसला गेले तेव्हा खिशात मोजके पैसे होते. दिवसा वर्ग आणि रात्री वसतिगृहाच्या भटारखान्यात भांडी. त्या हिवाळ्याच्या तोंडावर अक्कलकोटला त्यांचे अब्बा वारले. तिकिटाला पैसे नव्हते. मय्यतीला येता आलं नाही. त्या आठवड्यात शनिवारी सामना होता. खोलीत राहणाऱ्या दोन मुलांनी त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून बरोबर नेलं, स्वतःची लाल लोकरी टोपी त्यांच्या डोक्यावर घातली. ‘‘नव्वद हजार आदमी चिल्ला रहे थे,’’ दुल्हाभाई म्हणाले, ‘‘मैं उनमें बैठ के रोया. किसी को पता नहीं चला. बहुत अच्छा लगा.’’

मग ते म्हणाले, तिथं एकानं ‘ओ-एच’ म्हटलं की समोरचा अनोळखी माणूसही ‘आय-ओ’ म्हणून उत्तर देतो. विमानतळावर, दवाखान्यात, पेट्रोल पंपावर, कुठेही. ‘‘सलाम का जवाब मिलता है ना, वैसा. पहले साल मुझे उस शहर में बस इतना ही जवाब मिलता था.’’

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. टीव्हीवर तो ‘ओ’ मला रंगाचा पट्टा दिसला होता. भाच्याला तो समोरच्याचा बालेकिल्ला दिसला. आणि दुल्हाभाईंना त्यांच्या अब्बांची मय्यत न मिळालेल्या आठवड्यात बसायला मिळालेली जागा दिसली. समोरच्याचं मैदान नुसतं समोरच्याचं कधीच नसतं, ते कुणाचं तरी घर असतं. आणि इथं तर ते ज्याचं घर होतं, तो आपल्याच घरात सोफ्यावर बसला होता.

भाच्याला हे काहीच ठाऊक नव्हतं. बापानं त्याला कधी सांगितलं नव्हतं. आपल्या माणसांची ही जुनी खोड आहे. कष्ट मुलांपासून लपवायचे आणि मग मुलांनी ते ओळखावेत अशी अपेक्षा धरायची. मी त्याला फोन करून सांगितलं. तो गप्प राहिला. रात्री पाहिलं तर ग्रुपवरून फोटो काढलेला होता. पुढे दोघांत काय बोलणं झालं ते आपानं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काही गोष्टी खालापर्यंत येऊ नयेत.

या सामन्याचा इतिहास मी नंतर मन लावून वाचला. त्यात भांडणं आहेत, पण दुसरंही पुष्कळ आहे. बो शेंबेकलर हे मिशिगनचे नावाजलेले प्रशिक्षक. ते आधी ओहायोला वुडी हेज यांच्या हाताखाली काम करत. 1969 साली मिशिगनला आले आणि पहिल्याच वर्षी आपल्या उस्तादाच्या संघाला 24–12 असं हरवलं. पुढची दहा वर्षं उस्ताद आणि शागीर्द दरवर्षी समोरासमोर उभे राहिले. दहापैकी पाच सामने शागीर्दानं जिंकले, चार उस्तादानं, एक बरोबरीत सुटला. यापेक्षा चांगला निकाल कुठल्या शिक्षकाला हवा असतो?

2006 साली तर दोन्ही संघ देशात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर होते. सामना कोलंबसला होता आणि आदल्या दिवशी, 17 नोव्हेंबरला, शेंबेकलर वारले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कट्टर वैऱ्यांच्या स्टेडियममध्ये, लाखावर माणसांनी त्यांच्यासाठी शांतता पाळली. मग ओहायोनं सामना 42–39 असा जिंकला. दुल्हाभाई तो सामना आजही तपशीलवार सांगतात, पण सुरुवात नेहमी त्या शांततेपासून करतात.

आणखी एक गोष्ट मला फार भावली. 1982 पासून या दोन विद्यापीठांत सामन्याच्या आधी रक्तदानाची चुरस असते. कोण जास्त रक्त गोळा करतं ते पाहायचं. आपल्याकडेही जयंत्यांना, ईद-ए-मिलादला रक्तदान शिबिरं होतात, पण ‘त्यांच्यापेक्षा आपल्या गल्लीचं रक्त जास्त जमलं पाहिजे’ अशी चुरस कुणी लावली तर काय बहार येईल! वैर असावं तर असं. हरलं तरी कुणाचा तरी जीव वाचतो.

सगळंच गोड आहे असं नाही. वुडी हेज यांना 1978 साली समोरच्या संघाच्या एका खेळाडूला भर सामन्यात ठोसा मारल्यामुळे नोकरी गमवावी लागली. मिशिगनच्या 2021 ते 2023 या काळातल्या यशाला समोरच्या संघांच्या खुणा चोरून टिपल्याच्या प्रकरणाचा डाग आहे. त्याबद्दल 2025 साली विद्यापीठाला मोठा दंड झाला आणि माणसांवर बंदी आली. मी मिशिगनची असले तरी हे लपवून काय उपयोग? ज्याच्यावर प्रेम आहे त्याचे मार्क वाढवून द्यायचे नसतात, हे वर्गात रोज मीच सांगते.

2024 च्या त्या सामन्यानंतरची गोष्ट तर आणखी गमतीची. आधीच्या पद्धतीत असा पराभव झाला की ओहायोचं वर्ष जवळपास संपलं असतं. पण त्याच वर्षीपासून राष्ट्रीय विजेतेपदासाठी बारा संघांना संधी द्यायचं ठरलं होतं. ओहायोला ती मिळाली. 20 जानेवारी 2025 ला अटलांटात त्यांनी नॉत्र दाम विद्यापीठाला 34–23 असं हरवलं आणि देशाचं विजेतेपद मिळवलं. म्हणजे मिशिगननं ज्यांच्या मैदानावर निशाण नेलं, तेच शेवटी सगळ्यात वर बसले. त्या रात्री भाच्याचा मला निरोप आला, ‘‘खाला, हमने चैंपियन को हराया था!’’ मी हसले. मग वाटलं, पोरगं नकळत खरं बोलून गेलं. आपल्या त्या तीन गुणांची किंमत त्या रात्री वाढली, आणि ती वाढवली ओहायोनं. समोरचा मोठा असेल तरच आपली जीत मोठी. त्याला लहान करून दाखवलं की पहिल्यांदा आपलीच जीत लहान होते.

आपानं त्यानंतर घरात एक कायदा केला. सामना कुणीही जिंको, जिंकणाऱ्यानं हरणाऱ्यासाठी चहा करायचा. त्याच्या हातात कप दिल्याशिवाय चिडवायला सुरुवात करायची नाही. चिडवायला बंदी नाही, फक्त चहा आधी. 29 नोव्हेंबर 2025 ला ॲन आर्बरला ओहायोनं मिशिगनला 27–9 असं हरवलं. मी उदास होऊन फोन बंद करणार तेवढ्यात पडद्यावर दुल्हाभाई दिसले, हातात चहाचा कप घेऊन आलेले. भाच्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, ‘‘शक्कर कम है.’’ ‘‘नौ चम्मच डाले हैं,’’ दुल्हाभाई म्हणाले, ‘‘तुम्हारे पॉइंट जितने.’’ आपा पोट धरून हसत होती.

माझ्या स्टाफरूममधल्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं असेल. तरीही शाळेचं थोडं बोलते, कारण हे सगळं मला शेवटी तिथंच उपयोगी पडतं. आमची मुलं मागे एकदा आंतरशालेय कबड्डीत जवळच्या एका शाळेशी अटीतटीनं जिंकली. परतताना त्यांनी त्याच शाळेच्या फाटकासमोर थांबून दहा मिनिटं हलगी वाजवली. आतली मुलं खिडक्यांतून बघत होती. आमच्या मुलांचं काही फार वाईट मनात नव्हतं. आनंद कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं, एवढंच. आनंद ठेवायलाही जागा लागते. ती दाखवली नाही तर मुलं तो दुसऱ्याच्या दारात नेऊन ओततात.

गेल्या वर्षापासून आम्ही एक करून पाहतो. सामना संपला की जिंकलेल्या संघाचा कप्तान समोरच्या संघातल्या, आपल्याला सगळ्यात जास्त छळलेल्या खेळाडूपाशी जातो आणि त्याची कुठली चढाई किंवा पकड भारी होती ते त्याला सांगतो. नंतर हलगी वाजवायची तेवढी वाजवा, आपल्या मैदानात. पहिल्यांदा मुलं लाजली. आता त्यांच्यात वाद होतो, सांगायला कुणी जायचं यावर. परवा एक हरलेला मुलगा घरी जाताना आपल्या दोस्ताला सांगत होता की, ‘‘उनका कप्तान बोला, मेरी पकड़ सबसे ज़बरदस्त थी.’’ तो हरला होता, तरी चालताना उड्या मारत होता.

मी मुलांना त्यांच्याच खेळातली गोष्ट सांगते. कबड्डीत चढाई करणारा समोरच्याच्या अंगणात जातो, दोघा-तिघांना शिवतो, पण नुसतं शिवून गुण मिळत नाही. दम टिकवून, मधली रेषा ओलांडून आपल्या अंगणात परत यावं लागतं. तिकडेच रेंगाळला, मिजास दाखवत बसला, तर ते लोक धरतात आणि हातातला गुणही जातो. हा नियम ज्यानं केला त्याला जिंकण्यातलं सगळं कळलेलं असणार.